स्विचर कॉम्प्युटरला जोडताना: आधी आवाज, मग आदेश

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रामीण भागातलं सामुदायिक रेडिओ केंद्र, ५० वॅटचा ट्रान्समीटर, ऑटोमेशन, म्हणजे कार्यक्रम आपोआप वाजवणं, लिनक्सवरच्या रिव्हेंडेल या सॉफ्टवेअरवर. ब्रॉडकास्ट टूल्सचा एसएस ८.२, म्हणजे आठ इनपुट आणि दोन आउटपुटचा जुना स्विचर (आलेल्या आवाजांपैकी हवा तो पुढे पाठवणारं यंत्र) हाती आलाय. सकाळी आकाशवाणीचं बातमीपत्र आपोआप लागावं आणि संपल्यावर आपला कार्यक्रम परत यावा, एवढीच गरज. पण स्विचर कॉम्प्युटरला जोडला की मागे घरघर सुरू होते, आणि कमांड कधी लागते, कधी लागत नाही. चुकतंय काय? आणि हा ठेवायचा की दुसरीकडे मिळणारा सोळा इनपुटचा घ्यायचा?

रेडिओच्या तांत्रिक कामात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातली शेवटची दहा-बारा बहुतेक छोट्या केंद्रांवर, जिथे इंजिनिअर, निवेदक आणि कुलूप लावणारा माणूस एकच असतो. म्हणून उत्तर त्याच परिस्थितीसाठी देतोय.

पहिलं सांगणं हे की तुमचे घरघर आणि कमांडचे प्रश्न वेगळे दिसत असले तरी बहुधा एकाच वायरवर येऊन भेटतात. ती वायर म्हणजे कॉम्प्युटरचे आदेश स्विचरला नेणारी तुमची सिरीयल केबल. पण तिला हात लावण्याआधी ती बाजूला काढून ठेवा. स्विचर कॉम्प्युटरच्या आदेशाशिवाय, फक्त समोरच्या बटणांवर, एक पूर्ण दिवस चालवा. हे जमलं नाही तर पुढचं काहीही जमणार नाही. हा एक दिवस वाचवायला जाऊन लोकांनी पुढचे सहा महिने घालवलेले मी पाहिलेत.

कुठल्या इनपुटला काय द्यायचं ते आधी कागदावर ठरवा. मी साधारण असं करतो: एक नंबरला ऑटोमेशनचा कॉम्प्युटर, दोनला स्टुडिओचा मिक्सर, तीनला बातम्यांसाठी एफएम ट्यूनर, चारला डीडी फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स, पाचला बाहेरून येणाऱ्या थेट प्रक्षेपणासाठी मोबाइल, सहा-सात रिकामे, आणि आठला एक छोटा पेनड्राइव्ह प्लेअर, ज्यावर केंद्राची ओळख आणि तासा-दोन तासांची गाणी फिरत राहतात. आउटपुट एक थेट ऑडिओ प्रोसेसर (प्रसारणाआधी आवाज सारखा करणारं यंत्र) आणि ट्रान्समीटरकडे. आउटपुट दोन मॉनिटरसाठी. या दोन नंबरच्या आउटपुटची वायर चुकूनही मिक्सरच्या अशा चॅनलला देऊ नका जो परत स्विचरकडे जातो, नाहीतर एक दिवस तो चॅनल आणि स्विचरवरचं मिक्सरचं बटण एकदम चालू होतील आणि शिट्टी हवेत जाईल.

मिक्सर स्विचरच्या आधी ठेवायचा की नंतर, हा प्रश्न नेहमी येतो. स्विचरचं आउटपुट मिक्सरच्या एका चॅनलला देऊन मिक्सरमधून ट्रान्समीटरकडे जाणं सोपं वाटतं, कारण जुन्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. पण मग रात्री कोणी फेडर खाली करून घरी गेलं की सकाळी ऑटोमेशन बिचारं इमानेइतबारे बातम्या लावणार आणि ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येणार नाही. माणूस हजर नसताना चालणाऱ्या केंद्रात मिक्सर हा स्विचरच्या आठ दारांपैकी एक दार असावा. ऑटोमेशनचा आवाज मिक्सरलाही हवा आणि स्विचरलाही हवा, तर साउंड इंटरफेसची दोन स्वतंत्र आउटपुट वापरा किंवा मधे एकच आवाज अनेक ठिकाणी वाटणारा डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर टाका.

आता लेव्हल. इथे बराच वेळ द्या, कारण ऐकणाऱ्याला फक्त हेच कळतं. व्यावसायिक उपकरणांची नेहमीची पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. सेट टॉप बॉक्स, ट्यूनर, साध्या साउंड कार्डची पातळी −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. जवळपास १२ डेसिबलचा फरक. स्विचर हा फरक मिटवत नाही, तो फक्त दार उघडतो. त्यामुळे गाण्यांवरून बातम्यांवर गेलं की आवाज एकदम पडतो, आणि परत आलं की अंगावर येतो. श्रोता आवाज वाढवून ठेवतो आणि पुढच्याच जाहिरातीला दचकून रेडिओ बंद करतो.

हे जुळवायला महागडं मीटर लागत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४०० हर्ट्झचा टोन बनवा, ॲम्प्लिट्यूड ०.१ ठेवा, म्हणजे तो −२० डेसिबलवर बसतो. बरेच जण १००० हर्ट्झ घेतात, पण बाजारातले साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि हजारावर चुकीचं दाखवतात. चारशेपर्यंत बहुतेक ठीक चालतात. टोन वाजवा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्विचरच्या आउटपुटला प्लस आणि मायनसमध्ये मोजा. ऑटोमेशनवर १.२३ व्होल्ट येईल असं साउंड इंटरफेसचं आउटपुट लावा, तो आकडा चिकटपट्टीवर लिहून तिथेच चिकटवा आणि त्या नॉबला पुन्हा कोणी हात लावू नये अशी व्यवस्था करा. ट्यूनर आणि सेट टॉप बॉक्सवर टोन वाजवता येत नाही, तिथे बातम्या सुरू असताना प्रोसेसरच्या इनपुट मीटरवर निवेदकाच्या आवाजाशी कानाने आणि डोळ्याने जुळवा. कमी पातळीच्या उपकरणासाठी मधे लेव्हल वाढवणारा छोटा मॅचिंग ॲम्प्लिफायर टाका. स्विचरच्या इनपुटला स्वतःचे ट्रिम (पातळी थोडी कमी-जास्त करायचे छोटे स्क्रू) असतील तर तेही वापरा, पण १२ डेसिबल फक्त ट्रिमने भरून काढायचा प्रयत्न केला की सोबत सळसळही वाढते.

एक चूक इतकी वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका केंद्राने फोन करून सांगितलं, "गाण्यात वाद्यं ऐकू येतात, गायिका गायब आहे, आणि आमच्या निवेदिकेचा आवाज तर विहिरीतून आल्यासारखा येतो." त्यांनी कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची स्टिरीओ पिन काढून ती स्विचरच्या बॅलन्स्ड (प्लस, मायनस आणि ग्राउंड अशा तीन वायरच्या) इनपुटला जोडली होती: टोकाची वायर प्लसला, कड्याची मायनसला. दिसायला सगळं बरोबर, तीन वायर तीन स्क्रूंना. पण बॅलन्स्ड इनपुट प्लसमधून मायनस वजा करतो. म्हणजे डाव्या चॅनलमधून उजवा वजा झाला. गायकाचा आणि निवेदकाचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये सारखाच असतो, तो वजा होऊन गेला, आणि उरली फक्त कडेची वाद्यं. त्या टीमने दोन आठवडे सॉफ्टवेअर शोधत घालवले होते. डावा चॅनल स्विचरच्या डाव्या प्लसला, उजवा उजव्या प्लसला, दोघांचा मायनस आणि ग्राउंड एकत्र, असं जोडल्यावर पाच मिनिटांत गायिका परत आली. तुमचं केंद्र मोनो असेल तर डावा-उजवा एकत्र करताना नुसता वाय-केबल करून दोन आउटपुट एकमेकांत शॉर्ट करू नका. प्रत्येकात दोन-चारशे ओहमचा रेझिस्टर टाकून मग जोडा, किंवा सॉफ्टवेअरमध्येच मोनो करा.

आणि हो, ऑटोमेशनचं साउंड कार्ड फक्त ऑटोमेशनला द्या. कॉम्प्युटरचे स्वतःचे टिंग-टाँग, ब्राउझरमधला व्हिडिओ, मेल आल्याची घंटी हे सगळं मदरबोर्डवरच्या कार्डावर, छोट्या स्पीकरला. नाहीतर ते सगळं हवेत जातं.

आता घरघर. तिची परीक्षा सोपी आहे. आवाज चालू ठेवून सिरीयल केबल कॉम्प्युटरमधून उपटा. घरघर थांबली तर दोषी सापडला. कारण असं की आरएस-२३२ च्या, म्हणजे तुमच्या सिरीयल जोडणीच्या, केबलमध्ये पाच नंबरची पिन ग्राउंड असते. कॉम्प्युटरचं ग्राउंड त्या वायरने स्विचरच्या ग्राउंडला जोडलं जातं. ऑडिओच्या केबलच्या शिल्डनेही तेच दोन ग्राउंड आधीच जोडलेले असतात. शिवाय दोघांचं अर्थिंग भिंतीतल्या सॉकेटमधून एकमेकांना भेटलेलं असतंच. असं वर्तुळ तयार झालं की त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरायला लागतो, आणि वर कॉम्प्युटरच्या स्विचिंग पॉवर सप्लायची किरकिर. तुम्ही ऐकता ती घरघर म्हणजे बहुतेक हीच.

अर्थिंगची पिन तोडून किंवा दोन पिनांचं ॲडॅप्टर लावून घरघर बंद करायचा मोह होतो. ते करू नका. टॉवर डोक्यावर असलेल्या इमारतीत अर्थिंग म्हणजे माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. त्याऐवजी क्रमाने हे करा. कॉम्प्युटर, स्विचर, मिक्सर, सगळ्यांना एकाच यूपीएसवरून आणि एकाच एक्स्टेंशन पट्टीवरून वीज द्या, वेगवेगळ्या भिंतींच्या सॉकेटमधून नको. बॅलन्स्ड केबलचं शिल्ड एकाच टोकाला जोडा, शक्यतो स्विचरच्या बाजूला. तरीही राहिली तर ज्या स्रोतावर घरघर आहे त्याच्यामध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, आणि सिरीयलच्या वाटेत ऑप्टो-आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा, ज्यात प्रकाशाने सिग्नल जातो आणि दोन्ही ग्राउंड तुटलेले राहतात. सेट टॉप बॉक्सला डिशची केबल येते, तिचं बाहेरचं आवरण गच्चीवरच्या लोखंडाला टेकलेलं असतं. तिथून घरघर येणं अगदी नेहमीचं, तिथे ट्रान्सफॉर्मर सरळ लावूनच टाका.

अर्थिंग खरंच आहे का हेही पाहा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने मोजा. एक-दोन व्होल्टच्या वर आकडा गेला किंवा पंप चालू होताच तो उडी मारत असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला किंवा वायर सुटलेली असू शकते. उन्हाळ्यात हे फार होतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, ते काम स्वतः करू नका.

घरघरीऐवजी आवाजात फुरफुर किंवा तुमच्याच कार्यक्रमाचं पुसट भूत ऐकू येत असेल तर ती विजेची नाही, ट्रान्समीटरची करामत आहे. ९०.४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ३.३ मीटर होते आणि तिचा पाव भाग ८३ सेंटिमीटर. म्हणजे तुमची मीटरभर लांबीची स्वस्त, शिल्ड नसलेली सिरीयल केबल एकदम छान अँटेना आहे. शिल्डेड केबल घ्या, ती गरजेपुरतीच लांब ठेवा आणि दोन्ही टोकांना फेराइटचे मणी अडकवा. ट्रान्समीटर त्याच खोलीत असेल तर कमांड मधूनच न लागण्याचंही हे एक कारण असतं.

आता त्या कमांडकडे येऊ. सिरीयलची जोडणी तीन वायरची: पाठवणारी, घेणारी, ग्राउंड. गोंधळ एवढाच की केबल सरळ हवी की उलटी. पुस्तकात शोधण्याआधी मीटरला विचारा. आरएस-२३२ ची पाठवणारी पिन काही काम नसताना ग्राउंडच्या तुलनेत उणे पाच ते बारा व्होल्टवर बसलेली असते. केबल न जोडता कॉम्प्युटरच्या आणि स्विचरच्या, दोघांच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना पाच नंबरच्या तुलनेत मोजा. जी उणे दाखवते ती पाठवणारी. एकाची पाठवणारी दुसऱ्याच्या घेणारीला जायला हवी. कॉम्प्युटरवर ती तीन नंबर असते. स्विचरवरही तीन निघाली तर उलटी केबल हवी, दोन निघाली तर सरळ.

मग कॉम्प्युटरची बाजू एकटी तपासा. केबलच्या दुसऱ्या टोकाला दोन आणि तीन नंबर पिना तारेच्या तुकड्याने जोडा, मिनिकॉम किंवा पुट्टी हा सिरीयल पोर्टशी बोलणारा प्रोग्रॅम उघडा, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल (समोरचा तयार आहे का ते पाहूनच पाठवण्याची सोय) बंद. की दाबाल ते अक्षर पडद्यावर परत आलं तर कॉम्प्युटर, ड्रायव्हर आणि केबल ठीक. तार काढल्यावर ते यायचं थांबलं पाहिजे, हेही पाहा, कारण काही प्रोग्रॅम स्वतःच अक्षर उमटवतात आणि आपण उगाच खूश होतो. फ्लो कंट्रोल चालू राहिलं तर तीन वायरच्या केबलवर कमांड बाहेरच पडत नाही, आणि मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतं. ते बंद करायला विसरू नका.

त्यानंतर स्विचर जोडा आणि हाताने कमांड टाइप करा. या घराण्यातल्या स्विचरची भाषा लहान आहे: तारांकन, मग युनिटचा नंबर, मग इनपुटचे दोन आकडे, मग आउटपुट. *००११ म्हणजे शून्य नंबरच्या युनिटमध्ये एक नंबरचं इनपुट एक नंबरच्या आउटपुटला. *००३१ म्हणजे तीन नंबरचं, तुमचा ट्यूनर. अर्थात टाइप करताना इंग्रजी आकड्यांतच. युनिटचा नंबर आणि वेग मागच्या किंवा आतल्या छोट्या डिप स्विचवर ठरतो. जुन्या मशीनच्या आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो, म्हणून मॅन्युअल समोर ठेवून प्रत्येक डिप स्विच पाहा. हाताने वीस वेळा कमांड द्या. वीसही वेळा दिवा बदलला पाहिजे. एकोणीस वेळा बदलला तर ते पास नाही.

तुमच्या "कधी लागते, कधी नाही" याचं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण मात्र यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरचं आहे. लिनक्स त्याला जो नंबर देतो तो कायमचा नसतो. आज शून्य, उद्या ट्रान्समीटरच्या मॉनिटरिंगसाठी दुसरा कन्व्हर्टर लावला की शून्य त्याला आणि एक तुमच्या स्विचरला. ऑटोमेशन बिनघोर ट्रान्समीटरला इनपुट बदलायला सांगत बसतं. एका केंद्रात झाडू मारताना निघालेली केबल बाईंनी काळजीने परत लावली, फक्त शेजारच्या भोकात, आणि सकाळच्या बातम्या चार दिवस लागल्या नाहीत. त्यांची चूक काहीच नव्हती, चूक ज्याने नंबरवर भरवसा ठेवला त्याची. लिनक्समध्ये सिरीयल उपकरणांची ओळखीने केलेली यादी वेगळ्या फोल्डरमध्ये असते, तिथलं नाव वापरा. एफटीडीआयच्या चिपवर सहसा स्वतंत्र अनुक्रमांक असतो, म्हणून ते नाव कुठल्याही भोकात लावलं तरी तेच राहतं. सीएच३४० च्या स्वस्त कन्व्हर्टरवर बहुधा अनुक्रमांक नसतो, दोन लावले तर दोघांची ओळख एकच. तिथे भोकाच्या जागेवरून ठरणारं नाव घ्या आणि भोकावर "स्विचर" असं लिहून ठेवा. विंडोजवर असाल तर पॉवर मॅनेजमेंटमधून यूएसबी झोपवण्याची सोय बंद करा, कारण रात्रभर शांत असलेला पोर्ट सकाळी पहिली कमांड गिळतो. नकली प्रोलिफिक चिपचे कन्व्हर्टर विंडोजवर अपडेटनंतर ड्रायव्हरच नाकारतो, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कॉम्प्युटरला खरा सिरीयल पोर्ट किंवा कार्ड लावायची जागा असेल तर त्यासारखं सुख नाही.

आणखी एक: तपासायला उघडलेलं मिनिकॉम बंद केलंत का? ते आणि रिव्हेंडेल एकाच पोर्टवर बसले की स्विचरकडून येणारं उत्तर दोघांमध्ये वाटलं जातं आणि दोघेही गोंधळतात.

रिव्हेंडेलमध्ये पुढचं काम थोडं आहे. आरडीॲडमिन या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये आपल्या होस्टखाली, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या नावाखाली, आधी सिरीयल पोर्ट चालू करून वेग भरा. मग स्विचर आणि जीपीआयओच्या यादीत जाऊन तुमचं मॉडेल निवडा. ब्रॉडकास्ट टूल्सची बरीच मॉडेलं त्यात आधीपासून आहेत, एसएस ८.२ सुद्धा. पहिल्या स्विचरचा मॅट्रिक्स नंबर शून्य असतो. इनपुटना नावं द्या: "ऑटोमेशन", "स्टुडिओ", "बातम्या". रिव्हेंडेल पुन्हा सुरू करा. मग लायब्ररीत मॅक्रो कार्ट, म्हणजे आवाजाऐवजी आदेश साठवणारी नोंद, बनवा. कमांड आहे एसटी, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग मॅट्रिक्स, इनपुट, आउटपुट आणि शेवटी उद्गारचिन्ह. एसटी ० ३ १! लिहिलं की बातम्या लागतात, एसटी ० १ १! लिहिलं की ऑटोमेशन परत येतं. एसटीऐवजी एसए वापरली तर आधीचं इनपुट न काढता नवं त्यात मिसळतं. जाणूनबुजून मिसळायचं असेल तेव्हाच ती वापरा, कारण एसआर देऊन काढायला विसरलात तर बातम्यांच्या मागे गाणं चालू राहतं.

बातम्या दहा मिनिटांच्या असतील तर एकाच कार्टमध्ये तीन कमांड लिहिता येतात: बातम्या लावा, एसपी ६०००००! म्हणजे सहा लाख मिलिसेकंद थांबा, मग परत या. त्याने लॉगमध्ये, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमयादीत, कार्टची लांबीही बरोबर दहा मिनिटं दिसते. मी तरीही परतीची कमांड वेगळ्या कार्टमध्ये ठेवतो. कारण कोणी मधेच ते कार्ट थांबवलं तर एकत्र लिहिलेली परतीची कमांड कधीच निघत नाही आणि तुमचं केंद्र दुपारपर्यंत आकाशवाणीचंच पुनःप्रक्षेपण करत राहतं. त्यावर आणखी एक गाठ मारा: आरडीकॅच या ठरल्या वेळी कामं करणाऱ्या रिव्हेंडेलच्या भागात बातम्या संपल्यावर एका मिनिटाने पुन्हा एकदा एसटी ० १ १! पाठवणारी नोंद ठेवा. ऑटोमेशन आधीच परत आलेलं असेल तर त्याच दारावर पुन्हा टकटक केल्याने काही बिघडत नाही. नसेल तर तो एक मिनिटाचा पहारा वाचवतो. फक्त त्या वेळी थेट कार्यक्रम नसावा, एवढं वेळापत्रकात बघा.

वेळ. समजा बातमीपत्र ७ वाजून १० मिनिटांनी सुरू होतं. लॉगमध्ये त्या ओळीला हार्ड टाइम (पक्की वेळ) द्या आणि "लगेच सुरू करा" निवडा. चालू गाणं तुटू नये म्हणून त्याआधी पाच-सहा मिनिटं नुसत्या संगीताचा भरणा ठेवा; तो कुठेही तुटला तरी कानाला खुपत नाही. कॉम्प्युटरचं घड्याळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरला क्रोनी या प्रोग्रॅमने बांधा. इंटरनेट वारंवार जात असेल तर छोटा जीपीएस रिसीव्हर लावून वेळ घेता येते, फार महाग नाही.

पण घड्याळ बरोबर असूनही पहिलं वाक्य कापलं जातं, ते का? स्रोतामुळे. मोबाइल ॲपवरून येणारी आकाशवाणी इंटरनेटच्या बफरमुळे कित्येक सेकंद मागे असते, आणि हा उशीर रोज वेगळा. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या बऱ्याच वाहिन्या येतात. तिथे उपग्रहापर्यंत ३६,००० किलोमीटर वर आणि तितकंच खाली, म्हणजे पाव सेकंद, अधिक कोडिंगचा उशीर. तो थोडा आहे आणि रोज जवळपास सारखाच राहतो, म्हणून त्याच्यावर विसंबता येतं. साध्या एफएम ट्यूनरला उशीर जवळजवळ नाहीच, पण तुमचा स्वतःचा ट्रान्समीटर त्याच छपरावर असल्यामुळे ट्यूनर बधिर होतो आणि आकाशवाणीच्या जागी तुमचंच केंद्र सगळीकडे ऐकू येतं. ट्यूनरची अँटेना टॉवरपासून लांब, इमारतीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन पाहा. नाहीच जमलं तर फ्री डिश हाच पक्का स्रोत माना आणि मोबाइल फक्त पर्याय म्हणून. पावसाळ्यात डिशचा सिग्नल जातो तेव्हा तो पर्याय कामाला येतो. बातम्या मात्र आकाशवाणीच्या आहेत तशाच घ्यायच्या आहेत, म्हणून त्यांचं सुरुवातीचं किंवा शेवटचं वाक्य तोडणं हे फक्त कानाला खुपणारं काम नाही, नियमालाही धरून नाही.

कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणं सामुदायिक केंद्रांवर बंधनकारक आहे. हे ध्वनिमुद्रण स्विचरच्या आउटपुटवरून घेऊ नका, एका वेगळ्या रेडिओवरून, हवेतून घ्या. मग जे खरंच प्रसारित झालं तेच साठतं, आणि "परवा बातम्या लागल्या का" याचं उत्तर कोणाच्या आठवणीवर सोडावं लागत नाही. ६४ केबीपीएसच्या मोनो एमपी३ ला दिवसाला साधारण ६९० एमबी लागतात, नव्वद दिवसांना ६२ जीबी. एखादा जुना लॅपटॉप पुरतो.

सिरीयल कुठल्याच वाटेने जमलं नाही तर स्विचरच्या मागचे रिमोट टर्मिनल आहेत. प्रत्येक इनपुटचं टर्मिनल क्षणभर ग्राउंडला टेकवलं की ते इनपुट लागतं. रिले बोर्डने, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या स्विचने, पाव सेकंदाचा ठोका द्या, पुरतो. त्यासाठी आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरणार असाल तर एक खबरदारी: कॉम्प्युटरने त्याचा पोर्ट उघडला की तो स्वतःला रीसेट करतो, आणि त्या क्षणी रिले उगाच ठोके देऊ शकतात. सुरुवातीच्या दोन सेकंदांत सगळे रिले बंद राहतील असा प्रोग्रॅम लिहा.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबवलं ते. कॉम्प्युटर बंद पडला तर हवेत काय जाणार, हे आजच ठरवा. स्विचर शेवटच्या आदेशावर टिकून राहतो. ऑटोमेशन गोठलं आणि स्विचर एक नंबरवर असेल तर प्रसारण म्हणजे शांतता, पहाटे चारपासून कोणी येईपर्यंत. म्हणून आठ नंबरचा पेनड्राइव्ह प्लेअर. स्विचरच्या आउटपुटवर सायलेन्स सेन्सर लावा, स्विचरमध्येच असेल तर उत्तम. तीस सेकंद आवाज आला नाही की त्याच्या रिलेने आठ नंबरचं रिमोट टर्मिनल खेचायचं. या वाटेत कॉम्प्युटर कुठेच नको, सेन्सर ते स्विचर थेट वायर. शास्त्रीय संगीताची संथ आलापी किंवा श्राव्य नाटकातला विराम यांनी तो चुकून सुटू नये म्हणून वेळ तीस सेकंदांखाली आणू नका.

वीज जाऊन परत आल्यावर स्विचर कुठल्या इनपुटवर उठतो तेही पाहून घ्या. काही मशीन शेवटचं इनपुट लक्षात ठेवतात, काही ठरवलेल्या इनपुटवर उठतात, काही सगळं बंद ठेवतात. तिसऱ्या प्रकारचं असेल तर ऑटोमेशन सुरू होताना आपोआप एसटी ० १ १! पाठवेल अशी सोय हवी.

हे सगळं लागल्यावर एखाद्या दुपारी, प्रसारण बंद असताना, टीमला समोर बसवून एकेक गोष्ट मोडून पाहा. कॉम्प्युटरची वायर उपटा. सिरीयल केबल काढा. बातम्या चालू असताना डिशची केबल सोडवा. यूपीएसची मुख्य वीज बंद करा. प्रत्येक वेळी तीस सेकंदांहून थोडं जास्त थांबा आणि स्विचरच्या आउटपुट एकवर काय ऐकू येतं ते वहीत लिहा. स्वयंसेवकांपैकी प्रत्येकाने एकदा तरी समोरचं बटण दाबून हाताने बातम्या लावलेल्या असाव्यात. ज्या केंद्रावर गावची मंडळी बाजारभाव आणि पावसाचा अंदाज ऐकायला बसतात तिथे ही एक दुपार खर्च करायलाच हवी.

सोळा इनपुटच्या मशीनबद्दल: घेऊ नका. तुमच्या कागदावरच्या यादीत आठपैकी दोन जागा अजून रिकाम्या आहेत. जुना स्विचर ठेवायच्या आधी मात्र प्रत्येक इनपुट टोन देऊन दोन्ही आउटपुटवर ऐका. बदलताना खट् असा आवाज येत असेल किंवा एखाद्या इनपुटवर आवाज दबका येत असेल तर आधी स्क्रू टर्मिनल काढून साफ करा, सोल्डरचे जोड सुटलेत का पाहा, आणि मग आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर तपासा. फुगलेले दिसले तर तेवढेच बदलून घ्या. मॅन्युअलची छापील प्रत रॅकच्या आतल्या बाजूला पिशवीत अडकवून ठेवा, आणि डिप स्विच आत्ता कसे आहेत त्याचा फोटो तिच्या पहिल्या पानावर चिकटवा.